मोरस बेटावर जाताना: मॉरिशसच्या पहिल्या प्रवासाची तयारी

जुन्या पिढीतली माणसं पांढऱ्या दाणेदार साखरेला 'मोरस साखर' म्हणायची. मोरस म्हणजे मॉरिशस. गुळाच्या घरात ही साखर बोटीने यायची आणि ती जिथून यायची तिथल्या उसाच्या मळ्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचीही माणसं राबत होती. आज त्याच बेटाची जाहिरात निळं पाणी आणि हनिमून एवढ्यावरच संपते, याचं मला वाईट वाटतं. समुद्र सुंदर आहेच, पण सात दिवस मिळणार असतील तर त्यातले दोन समुद्राकडे पाठ करून त्या देशासाठी ठेवा. पुढची सगळी आखणी मी हेच धरून सांगतो आहे.

आधी थोडी ओळख. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला सुमारे 800 किलोमीटरवर हे ज्वालामुखीतून घडलेलं बेट आहे. साधारण 65 किलोमीटर लांब, 45 रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने मुंबईच्या तिप्पट. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. 1598 मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं. ते 1710 मध्ये निघून गेले, 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि 1810 मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेलं. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला. कारभाराची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रांची फ्रेंच, घराघरांत क्रेओल ही फ्रेंचमधून घडलेली बोली आणि जुन्या माणसांच्या तोंडी भोजपुरी, अशी तिथली भाषांची वाटणी आहे.

कधी जायचं

बेट दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे ऋतू आपल्या उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा आणि पाऊस, मे ते ऑक्टोबर कोरडा, गार काळ. चक्रीवादळांचा धोका मुख्यतः जानेवारी ते मार्च. वादळाचा इशारा एक ते चार अशा वर्गांत देतात आणि तिसऱ्या वर्गानंतर सगळं बंद होऊन माणसं घरात बसतात. त्या महिन्यांत स्वस्त तिकीट दिसलं तरी चार दिवसांसाठी जाऊ नका. एखादं वादळ आलं की सगळी सुट्टी खोलीत जाते.

आपल्या सुट्ट्यांशी हे वेळापत्रक छान जुळतं. मे महिन्यात तिथे हिवाळा नुकता लागलेला असतो, समुद्रात मात्र अजून ऊब असते. दिवाळीच्या सुमारास वसंत असतो आणि तोच काळ मला सगळ्यांत चांगला वाटतो. पाणी तापायला लागलेलं, वारा पडलेला, पाऊस अजून दूर. नाताळात गर्दी आणि दर दोन्ही चढतात. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा: समुद्राचं पाणी 22-23 अंशांवर येतं आणि सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून त्या दिवसांत फिरायला सकाळी आठलाच बाहेर पडावं लागतं.

कुठे राहायचं हे वाऱ्याला विचारा

पहिल्यांदा जाणारे इथेच चुकतात. हॉटेलचे फोटो पाहून बुकिंग करतात, पण बेटाच्या कुठल्या बाजूला आहोत हे बघत नाहीत. वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. तेव्हा पूर्व किनारा, म्हणजे बेल-मार, त्रू-दो-दूस हा भाग, इतका वाऱ्याचा होतो की किनाऱ्यावर सतरंजी पसरून बसता येत नाही. त्याच वेळी पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक किंवा उत्तरेला त्रू-ओ-बिश इथे पाणी तळ्यासारखं शांत असतं. उन्हाळ्यात हाच पूर्वेचा वारा हवाहवासा वाटतो. म्हणून मे ते सप्टेंबर पश्चिम किंवा उत्तर आणि नोव्हेंबरनंतर पूर्व, हा ढोबळ हिशेब ठेवा.

उत्तरेत ग्रां-बे हे गाव दुकानं, खाण्याच्या जागा आणि गजबज असलेलं आहे. लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील आणि संध्याकाळी पायी बाहेर पडायचं असेल तर तिथे सोयीचं. दक्षिण-पश्चिमेचा ल मॉर्न देखणा आहे, पण हॉटेलबाहेर पायी जाण्यासारखं फारसं काही नाही. आठवडाभर असाल तर चार रात्री पश्चिमेला आणि तीन उत्तरेला अशी फोड करा. बेट लहान असलं तरी रस्ते अरुंद आहेत आणि राजधानी पोर्ट लुईच्या तोंडावर सकाळ-संध्याकाळ गाड्या अडकतात. एकाच टोकाला राहून सगळं बेट पाहायचं ठरवलंत तर रोज तीन तास गाडीत जातील.

बेटाच्या मधला भाग उंच पठाराचा आहे. क्युरपीप, वाक्वा, कात्र-बॉर्न ही गावं तिकडे. किनाऱ्यावर ऊन असताना क्युरपीपला धुकं आणि पाऊस असू शकतो आणि हवेत पाचेक अंशांचा फरक सहज पडतो. बॅगेत एक स्वेटर आणि पातळ रेनकोट असू द्या.

कागदपत्रं, पैसे, औषधं

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, विमानतळावर शिक्का मिळतो. त्यासाठी परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा हाताशी हवा. निघण्याआधी मॉरिशस सरकारचा एकत्रित प्रवासी अर्ज ऑनलाइन भरा आणि त्याचा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा, शक्यतो एक छापील प्रतही. मुंबईहून थेट विमानाला साधारण सहा तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे.

भारतातून आलेल्या प्रवाशांकडे कधी कधी आरोग्य विभागाचा कर्मचारी हॉटेलवर येतो आणि मलेरियाच्या तपासणीसाठी बोटातून रक्ताचा थेंब घेतो. अनेक जण यामुळे घाबरतात. कारण साधं आहे: बेटावरून मलेरिया हटवलेला आहे आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून ते जपतात. डेंग्यू आणि चिकनगुन्याचे डास मात्र आहेत, म्हणून डास पळवणारं मलम न्या. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी मूळ पाकिटांसह ठेवा. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथले नियम कडक आहेत. फळं, बियाणं, रोपं बॅगेत नकोत. ई-सिगारेटही नको.

चलन मॉरिशस रुपया. एका रुपयाला आपले साधारण पावणेदोन ते दोन रुपये पडतात. फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय आणि रुपे चालू झालं आहे, पण ते मोठ्या दुकानांपुरतं धरा. बस, बाजार, रस्त्यावरचं खाणं यांसाठी रोख लागते आणि ती सुट्टी हवी. सॉकेट तीन चौकोनी पिनांचं, ब्रिटिश पद्धतीचं असतं, त्याचा अडॅप्टर घरूनच न्या. सिमकार्ड विमानतळावर बाहेर पडतानाच मिळतं. रुग्णवाहिकेसाठी 114 आणि पोलिसांसाठी 999 हे आकडे फोनमध्ये टाकून ठेवा.

फिरायचं कसं

टॅक्सीला मीटरचा भरवसा नाही. बसण्याआधी भाडं ठरवा आणि ते परतीसह आहे का, हेही विचारा. दिवसभराची गाडी चालकासह घेतली तर चौघांच्या कुटुंबाला ती स्वस्तच पडते. पण सकाळी निघताना स्पष्ट सांगा, "दुकानांत थांबायचं नाही." नाहीतर जहाजांच्या लाकडी प्रतिकृती आणि शालींच्या दुकानांत दीड तास जातो.

स्वतः गाडी चालवणार असाल तर आपल्याकडच्यासारखीच डावी बाजू. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. रस्ते बरे आहेत, पण उसाचं पीक उभं असताना वळणावर समोरचं दिसत नाही. जून ते डिसेंबर तोडणी चालते, तेव्हा उसाने भरलेल्या लॉऱ्यांच्या मागे शांतपणे राहावं लागतं.

मला स्वतःला बस आवडते. कंडक्टर तिकीट फाडून देतो, शेजारची बाई कुठून आलात विचारते आणि 'बॉम्बे' ऐकलं की मालिकांवर बोलणं सुरू होतं. संध्याकाळी बस लवकर बंद होतात, एवढंच ध्यानात ठेवा. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रोही आहे. ती लार्सन अँड टुब्रोने बांधली आहे.

गावांची नावं लिहितात एक आणि म्हणतात दुसरं. माएबूर, पाम्पलमूस, सुयाक, शामारेल असे उच्चार आधी कानाला लावून घ्या. नाहीतर बसस्टॉपवर तुम्ही काय विचारता आहात हे कुणालाच कळत नाही.

दोन दिवस देशासाठी

पहिला दिवस पोर्ट लुईचा. सकाळी लवकर, कामाच्या दिवशी, आप्रवासी घाटावर जा. बंदराकाठची दगडी इमारत, आत 16 पायऱ्या. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून 36 मजूर इथे उतरले. गुलामगिरी संपत होती, मळ्यांना माणसं हवी होती आणि इंग्रजांनी करारावर मजूर नेण्याचा प्रयोग याच बेटावर केला. 1920 पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली, बहुतेक बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशाकडची, बरीच तमिळ-तेलुगू आणि मुंबई बंदरातून गेलेली कोकण-देशावरचीही. युनेस्कोने 2006 मध्ये घाटाला जागतिक वारसा म्हटलं. जागा लहान आहे, अर्ध्या तासात पाहून होते. पण त्या पायऱ्यांजवळ उभं राहिलं की बोटीतून आठवडेच्या आठवडे आलेला माणूस पहिलं पाऊल कुठे टाकत होता हे दिसतं. दगड झिजून मधोमध खोलगट झालेले आहेत.

प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. त्याचं नाव, बापाचं नाव, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण नोंदवली जाई आणि 1860 च्या दशकापासून फोटोही काढत. ही दप्तरं मोका येथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. ती संस्था भारत आणि मॉरिशस यांनी मिळून 1970 मध्ये उभी केली. तिथले लोक आपल्या पणजोबांचा क्रमांक शोधायला येतात आणि कागद हातात घेऊन जातात. तुमच्या घरात 'कुणी एक काका मोरसला गेले ते परत आलेच नाहीत' अशी गोष्ट असेल, तर निघण्याआधी त्यांचं पूर्ण नाव, गाव आणि अंदाजे वर्ष लिहून घ्या.

घाटावरून चालत मध्यवर्ती बाजारात या. तिथून जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीतलं गुलामगिरीचं संग्रहालयही जवळ आहे. तेही पाहा. आपण भारतीय प्रवासी फक्त आपल्याच माणसांची कहाणी ऐकून परततो, पण आपल्या आधी आफ्रिका आणि मादागास्करहून साखळदंडात आणलेल्यांच्या श्रमावर हे बेट उभं राहिलं होतं. ल मॉर्नच्या 556 मीटर उंच कड्यावर पळालेले गुलाम लपून राहत. तो कडाही 2008 पासून वारसास्थळ आहे. त्यांच्याच ढोलावरचं, 'रावान'वरचं गाणं म्हणजे सेगा. हॉटेलात घागरे फिरवत दाखवतात तो त्याचा शोभेचा अवतार.

दुसरा दिवस आपल्या माणसांचा. मराठी मॉरिशसवासी संख्येने थोडे आहेत, पण घट्ट धरून आहेत. पश्चिमेचं कास्कावेल, वाक्वाजवळचं हेन्रिएटा या भागांत त्यांची वस्ती. करारपत्रावर लिहिलेलं पूर्वजाचं नावच पुढे आडनाव झालं, म्हणून अनेक आडनावं 'जी'ने संपतात. शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. बोलताना अनेक जण क्रेओलकडे वळतात, पण आरती पाठ असते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचली जाते. गणेशोत्सवाची सरकारी सुट्टी असते आणि ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, कारण बहुतेक गणपती दीड दिवसाचे. दुपारनंतर नदीकाठी किंवा समुद्रावर विसर्जन. त्या सुमारास जाणं जमलं तर तारीख त्याप्रमाणेच धरा. मोका येथे एप्रिल 2023 मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, तोही वाटेत पाहता येतो.

घरी कुणी बोलावलं तर जा. जाताना मिठाईपेक्षा मराठी पुस्तकं न्या, मुलांना वाचता येतील अशी सोपी, मोठ्या अक्षरांची. तिथे ती सहज मिळत नाहीत.

बाकीचे दिवस

पश्चिम-दक्षिणेची एक फेरी अशी करा: सकाळी गंगा तलाव, मग काळ्या नदीच्या खोऱ्यातलं राष्ट्रीय उद्यान, दुपार कलल्यावर शामारेल, संध्याकाळी ल मॉर्नच्या किनाऱ्यावर सूर्यास्त. गंगा तलाव म्हणजे ज्वालामुखीच्या मुखातलं तळं, काठावर 33 मीटर उंच मंगल महादेवाची मूर्ती. महाशिवरात्रीला लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत कावडी घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून चालत येतात. वारीच्या वाटेवर जशी पाण्याची-फराळाची सोय असते तशीच रस्त्याकडेला असते आणि ती कुणालाही मिळते. माकडं मात्र हातातला प्रसाद ओढून नेतात. शामारेलच्या सात रंगांच्या मातीचे रंग लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडमुळे आहेत. ऊन तिरपं असताना ते खुलतात, भर दुपारी सगळं विटकं दिसतं.

उत्तरेच्या फेरीत पाम्पलमूसची बाग आणि बो-प्लांच्या जुन्या कारखान्यातलं साखरेचं संग्रहालय एकत्र करा. संग्रहालयाच्या शेवटी निरनिराळ्या कच्च्या साखरांची चव देतात. त्यातली सर्वांत काळी साखर तोंडात टाकल्यावर काकवीची आठवण आली नाही असा कोल्हापूरकर सापडणार नाही.

ईल-ओ-सेर्फ हे छोटं बेट प्रत्येक पॅकेजमध्ये असतं. पाणी खरोखर सुंदर आहे, पण दुपारी बारापर्यंत बोटी भरून माणसं येतात. जाणारच असाल तर त्रू-दो-दूसहून पहिल्या बोटीने जा. डॉल्फिन पाहायच्या सहली मी टाळेन. दहा बोटी चार डॉल्फिनांना घेरतात, ते पाहवत नाही.

समुद्रात उतरताना

बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, म्हणून आतलं पाणी उथळ आणि शांत. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री इथे हे कडं तुटलं आहे आणि लाटा सरळ खडकावर आपटतात. ते दृश्य काठावरून पाहायचं, पाण्यात उतरायचं नाही. कडं तुटलेल्या इतर खिंडींजवळही ओढ जबरदस्त असते. पोहण्यासाठी आखलेल्या भागाबाहेर जाऊ नका.

तळाशी सागरी काटेगोळे आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो. रबरी बूट इथूनच घेऊन जा, चारपाचशे रुपयांत मिळतात. प्रवाळावर पाय देऊ नका आणि शंख-प्रवाळ बॅगेत टाकू नका.

किनारे कायद्याने सगळ्यांचे आहेत, पंचतारांकित हॉटेलसमोरची वाळूसुद्धा. रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर जाच. सुरूच्या बनाखाली तिथली कुटुंबं बिर्याणीची पातेली घेऊन दिवसभर बसतात. मुरुड-दिवेआगरच्या सुरूंची सवय असलेल्याला तिथे परकं वाटत नाही.

खाणं

शाकाहाऱ्यांना उपाशी राहावं लागत नाही, फक्त हॉटेलच्या बुफेच्या बाहेर पडावं लागतं. दालपुरी हे तिथलं रोजचं खाणं. गाडीवर काचेच्या पेटीत मऊ सुती कापडात शेकडो पुऱ्या गुंडाळून ठेवलेल्या असतात, त्यामुळे अकरा वाजताही गरम असतात. विकणारा एकावर एक दोन उचलतो, कारण ती जोडीनेच विकतात. त्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोची 'रुगाय', कोथिंबिरीची चटणी, हवी तर मिरची. मग घडी घालून कागदात. आकार पुरणपोळीचा, आत वाटलेल्या डाळीचं कोरडं सारण, गोडाचा पत्ता नाही. सांडतंच, म्हणून उभ्याने पुढे वाकून खा. दुपारी दोननंतर बहुतेक गाड्या रिकाम्या होतात.

'गातो-पिमां' हे आपले डाळवडेच, पावात घालूनही मिळतात. आलुदा म्हणजे सब्जा घातलेलं थंड दूध, फालुद्याच्या घरातलं. अननसाच्या फोडींवर मिरची-मीठ लावून देतात.

चार क्रेओल वाक्यं पाठ करा. नमस्काराला 'बोंझूर', आभाराला 'मेर्सी', 'कोम्ये सा?' म्हणजे हे कितीला. आणि शाकाहाऱ्यांसाठी 'मो पा मान्झ लाव्यान, मो पा मान्झ प्वासों', मी मांस खात नाही, मासे खात नाही. दोन्ही सांगावं लागतं, कारण नुसतं पहिलं सांगितलं तर मासे ताटात येतात.

शेवटचा दिवस

विमानतळ आग्नेयेला आहे, म्हणून त्या बाजूचं सगळं शेवटच्या दिवसासाठी ठेवा. सामान गाडीत टाकून सकाळीच माएबूरला या. सोमवार असेल तर तिथला आठवडी बाजार भरलेला असतो. व्हॅनिलाच्या शेंगा, बोआ-शेरीचा चहा, लोणची इथून घ्या, विमानतळावर त्यांचीच किंमत कितीतरी जास्त. जवळच्या ईल-ओ-एग्रेतवर मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, त्याचं बुकिंग दोन दिवस आधी करा. फक्त 26 हेक्टरांचं बेट आहे. डोडो ज्या रानात राहत होता तसं रान तिथे परत वाढवताहेत आणि जगातून जवळजवळ संपलेलं गुलाबी कबूतर हाताच्या अंतरावर फांदीवर बसलेलं दिसतं.

जुलै 2020 मध्ये याच किनाऱ्याजवळ, प्वांत-देनीला, 'वाकाशिओ' नावाचं मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं सुमारे 1,000 टन तेल या निळ्या पाण्यात उतरलं. तेव्हा माएबूरच्या धक्क्यावर हजारो माणसं जमली. त्यांनी उसाचं पाचट कापडी पिशव्यांत कोंबलं, त्या शिवून लांबच लांब नळकांडी केली आणि तेल अडवायला समुद्रात सोडली. त्याच धक्क्यावर आता आइस्क्रीमची गाडी उभी असते. समोर सिंह पर्वत दिसतो आणि विमानतळ इथून जेमतेम पंधरा मिनिटांवर आहे.